‘सौम्य’, ‘हलका’ की ‘मंद’?

प्रश्न : सोलापुरातील एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानासाठी मी मराठी माहितीपत्रक तयार करत आहे. रोजच्या वापराच्या एका परफ्यूमचे वर्णन मूळ मजकुरात ‘सॉफ्ट, फ्रूटी, फ्लोरल’ असे आहे. मी त्याचे ‘फळाफुलांच्या अर्काचे सौम्य अत्तर’ असे रूपांतर केले. दुकानमालकांना मात्र ‘सौम्य’ऐवजी ‘हलके’ हवे आहे, कारण गिऱ्हाईक तसेच मागते. कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : दोन्ही टाळावेत. ‘हलका दाखवा’ असे दुकानात म्हणणे वेगळे आणि छापणे वेगळे. बोलताना हिंदी-दखनीच्या सवयीने अर्थ लगेच कळतो, पण छापील मराठीत ‘हलके अत्तर’ वाचणाऱ्याला ‘हलक्या प्रतीचे’ असाही अर्थ लागू शकतो. ‘सौम्य’ची अडचण निराळी आहे. सौम्य साबण म्हणजे कातडीला न झोंबणारा साबण, हा अर्थ जाहिरातींनी आता इतका रुजवला आहे की सौम्य परफ्यूम म्हटल्यावर ते त्वचेला जपते असा दावा केल्यासारखे होते. फवारायच्या परफ्यूममध्ये मुख्य भाग अल्कोहोलचा असल्याने तो दावा न केलेला बरा. वाऱ्याला, प्रकाशाला आणि वासाला मराठीत आधीपासून चालत आलेले विशेषण ‘मंद’ हे आहे आणि उग्रच्या विरुद्ध तेच नेमके बसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उष्णतेने सुगंधी द्रव्ये भराभर उडतात व भारी वास नाकाला नकोसा होतो, त्यामुळे येथील गिऱ्हाईक ‘हलका’ म्हणून जे मागते ते बहुधा हेच असावे.

‘अत्तर’ही येथे नको. उत्तर प्रदेशातील कनौजच्या परंपरेत देग-भपक्याने, म्हणजे तांब्याच्या भांड्यात वाफेवर, फुलांचा अर्क काढून तो चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि ते अत्तर फायाने किंवा बोटाने लावतात. फवाऱ्याच्या बाटलीला सरळ ‘परफ्यूम’ म्हणावे.

आता ‘अर्क’. परफ्यूममधला फळांचा वास बहुतेक वेळा फळातून काढलेला नसतो, तो प्रयोगशाळेत घडवलेला असतो. गेर्लाँ या फ्रेंच कंपनीच्या १९१९ मधील ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये पीचचा भास निर्माण करणारे द्रव्य असेच कृत्रिम होते. (व्यापारात त्याला ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणतात, वास्तविक ते अल्डिहाइड नसून लॅक्टोन या वेगळ्या रासायनिक गटातले आहे, नावे फसवतात ती केवळ मराठीतच नव्हे.) म्हणून ‘फळांच्या अर्काचे’ न लिहिता ‘फळांच्या गोडसर छटेचे’ लिहावे. ‘फळगंधी’ हा शब्द घडवता येईल, पण तो बाटलीवर शोभणार नाही.

आणखी एक उत्तर : ‘मंद’ मान्य. नामाबाबत एक सुचवतो. ‘घमघमाट’ केवड्याला किंवा उदबत्तीला ठीक, येथे तो मंदपणाच्या विरोधात जातो. ‘दर्प’ आणि ‘भपकारा’ तर तक्रारीचेच शब्द आहेत. ‘परिमळ’ कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकरांनाही आपल्या भाषेतून ओळखीचा आहे, मात्र मराठीत तो फार काव्यमय वाटतो आणि रोजच्या वापराच्या वस्तूला जड होतो. ‘सुगंध’ पुरेसा आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘रोजच्या वापरासाठी परफ्यूम : फुलांचा मंद सुगंध, फळांची गोडसर छटा’ असा मजकूर मालकांना दाखवतो. ‘हलका’ त्यांनी गल्ल्यावर बसून तोंडी म्हणावा, त्याला हरकत नाही.