टेंडर, देणग्या आणि 'वरून फोन': तुम्ही स्वतः काय बघितलंत?

निवडणूक रोखे रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १५ फेब्रुवारी २०२४ ला आला, मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांच्या आणि वटवणाऱ्या पक्षांच्या याद्या बाहेर आल्या, काही दिवस सगळे तेच वाचत होते आणि मग विषय मागे पडला. पण सरकार आणि बड्या कंपन्यांचं साटंलोटं कुणीतरी रोज ऑफिसात, साइटवर, बँकेत बसून बघत असतं. ते लिहा. ऐकीव नको. कंपनी, खातं, माणूस कुणाचंच नाव नको. आणि "सगळेच चोर" एवढंच म्हणायचं असेल तर कृपया राहू द्या, नेमकं काय झालं ते सांगा.

*

मी पाणीपुरवठ्याची कामं घेतो, लहान कॉन्ट्रॅक्टर. लोकांना वाटतं पाकीट दिलं की काम मिळतं, पण पाकीट फार शेवटी येतं हो, खरा खेळ टेंडरच्या अटी लिहितानाच होऊन जातो. केंद्रीय दक्षता आयोगाचं २००२ चं पत्रक आहे, मागच्या ७ वर्षांत तशाच प्रकारचं, अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचं एक काम किंवा ५० टक्क्यांची दोन किंवा ४० टक्क्यांची तीन केलेली असावीत, आणि वर्षाची सरासरी उलाढाल त्या किमतीच्या ३० टक्के. आमच्याकडच्या एका टेंडरला उलाढाल मागितली कामाच्या कितीतरी पट, वर अट काय तर प्लांट स्वतःच्या मालकीचाच पाहिजे, भाड्याचा चालणार नाही. तसा प्लांट त्या भागात एकाच कंपनीकडे. मी प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीला, लेखी हरकत दिली तर साहेब म्हणाले, "अटी वरून आल्यात, तुम्ही कशाला वाईटपणा घेता?" शेवटी तीन टेंडरं आली, त्यातली दोन सपोर्टला, म्हणजे नुसती स्पर्धा दाखवायला भरलेली. ई-टेंडर होतं, कागदावर एक खोट काढता येणार नाही. आता त्याच कंपनीकडून सबकॉन्ट्रॅक्टवर तेच काम मी करतोय, आणि माझ्या हातात जो दर पडतो त्यात चांगला पाइप टाकायचा म्हटलं तर खिशातून घालावे लागतात. लाइन फुटली की गावकरी शिव्या मला देतात, याचा फार राग येतो.

*

वरच्या दादांचं बरोबर आहे, पैसा शेवटी दिसतो. मी कंपनी सेक्रेटरी. आधी कंपनीने पक्षांना द्यायच्या देणगीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती आणि कुठल्या पक्षाला किती दिले ते हिशोबात दाखवावं लागायचं. २०१७ च्या फायनान्स अ‍ॅक्टने दोन्ही गेलं. त्यानंतरच्या एका बोर्ड मीटिंगमध्ये एका स्वतंत्र संचालकांनी विचारलं, कंपनी तोट्यात आहे, मग देणगी कशाला? उत्तर मिळालं, परवानगी अडकलीय. मिनिट्समध्ये आलं फक्त 'ठराव मंजूर'. रोख्यांच्या निकालात कोर्टाने ते दोन्ही बदल रद्द केले हे फार चांगलं झालं, पण मधल्या वर्षांत शेअरहोल्डरांना काहीच कळलं नाही, आणि पैसा तर त्यांचाच होता.

*

बँकेत कर्ज विभागात होतो, आता रिटायर. 'कर्ज द्या' असा फोन कधीच येत नाही. "त्या फाइलचं काय झालं?" एवढंच विचारतात, आणि सगळ्यांना कळतं. बड्या खात्याचं रीस्ट्रक्चरिंग, म्हणजे कर्जाच्या अटी सैल करून देणं, पुन्हा पुन्हा, आणि छोट्या वर्कशॉपवाल्याचे हप्ते थकले की लगेच नोटीस, ती माझ्याच सहीने जायची.

*

सरकारी इंजिनिअर आहे, जास्त लिहीत नाही. एक्स्ट्रा आयटमच्या, म्हणजे मूळ टेंडरमध्ये नसलेल्या कामाच्या बिलावर सही केली नाही, बदली झाली. घरचे म्हणतात सत्येंद्र दुबे आठव. तेही इंजिनिअर, महामार्गाच्या कामातल्या गडबडीबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं, तरी पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. कोर्टात तो लुटीचा गुन्हा ठरला, पण नाव फुटलं ते फुटलंच. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला तो अजून लागू केलेला नाही, मग आमच्यासारख्यांनी तोंड कुणाच्या भरवशावर उघडायचं?

*

पाणीपुरवठावाले दादा, वर्क ऑर्डर निघाली असेल तर माहिती अधिकारात प्री-बिडचं इतिवृत्त आणि अटी मंजूर झाल्या त्या फाइलवरच्या टिपण्या मागा. कायद्याचं कलम ८(१)(डी) दाखवून व्यापारी गुपित म्हणतील, पण त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते असं आहे. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील करा. मी असंच मिळवलंय, आणि अट नेमकी कुणाच्या टिपणीने घुसली ते त्यात दिसलं.