मदत हवी आहे: जड टाइल्सखाली जुना कोबा चालेल का?

हॉलमध्ये ६०० × १२०० मिमीच्या, २० मिमी जाड व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्या आहेत. वजन चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास, म्हणून खालच्या कोब्याची धास्ती वाटते. नाण्याने ठोकलं की दाराजवळचा पट्टा पोकळ वाजतो, बाकी ठणठणीत. ३ मीटरची पट्टी ठेवली तर मधे ८ मिमी फट दिसते. एवढ्या मोठ्या टाइलला ३ मिमीच्या आतच हवी ना? मिस्त्री म्हणतो, "अ‍ॅडहेसिव्ह जाड भरू, सगळं झाकलं जाईल." मला नाही पटत. ते चिकटवायला असतं, खड्डे बुजवायला नव्हे!

पोकळ भाग फोडून, भरून, प्रायमर मारून सेल्फ लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) करावं, की कोबाच उखडावा? शिवाय कोब्यात केसाएवढा तडा भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलाय. त्याच्यावर मेम्ब्रेन (तडा टाइलपर्यंत पोचू नये म्हणून मधे घालायचा लवचिक थर) लावावी का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, प्लीज.