मदत हवी आहे: शनिवारी लग्न, हायड्रेंजिया माना टाकणार म्हणे

घाईतली
ताईचं लग्न शनिवारी, आणि आम्ही फुलांवर अडलोय. तिला हल्ली सगळीकडे दिसतोय तो प्रकार हवाय: जमिनीतूनच उगवल्यासारखी फुलं, कमानीवर पांढरे ढग, मधेमधे हायड्रेंजियाचे टपोरे गेंद. डेकोरेटर म्हणतो, फोमशिवाय (फुलांचे देठ खोचायचा तो पाणी धरणारा हिरवा ठोकळा) होणार नाही. ताई म्हणते, हिरवा फोम दिसला तर मी स्टेजवर पाय ठेवणार नाही. तो म्हणतो, मग हायड्रेंजियाची जबाबदारी माझी नाही. काय करू? उद्या सकाळी ऑर्डर द्यायची आहे. "आधीच ठरवायला हवं होतं" हे कृपया लिहू नका, आईने सांगून झालंय.

रानवारा
कृत्रिम फुलं. विषय संपला. माझ्या लग्नात तीच होती, कुणाला पत्ता लागला नाही.

कात्रीवाली
हॉल आहे की उघड्यावर? किती वाजता? फुलं लावल्यापासून किती तास टिकायला हवीत? डेकोरेटर नुसता अडून बसलाय की त्याचं खरं आहे, हे त्यावर ठरेल.

निळाई
@रानवारा, पत्ता लागतो हो, लोक तोंडावर बोलत नाहीत. क्लोज-अपमध्ये पाकळीची शिवण दिसते.

रानवारा
शिवण दिसेपर्यंत नाक खुपसणाऱ्यांना लग्नाला बोलवू नये.

आबा_निवांत
पांढऱ्यावर पांढरं फोटोत उठत नाही. नवरीच्या कपड्यांचा रंग आधी ठरवा. पांढऱ्या पोशाखाचं खूळ तसं १८४० चं, व्हिक्टोरिया राणीच्या लग्नापासून ते पसरलं. तिच्या डोक्यावर संत्र्याच्या फुलांचा मुकुट होता. मोजकी फुलं, पण लक्षात राहिली.

घाईतली
काका, कपडे ठरलेत, पांढरे नाहीत.
@कात्रीवाली, उघड्यावरच. लॉन आहे. जमिनीतून उगवलेली म्हटलं ना मी! दुपारी तीनला.

कात्रीवाली
दुपारी तीन, लॉन, हायड्रेंजिया. अगं, हे पहिल्या ओळीत हवं होतं.

डेकोरेटरचं अर्धं बरोबर आहे. हायड्रेंजियाला पाणी प्रचंड लागतं आणि देठातून चिकट रस येऊन पाण्याची वाट बंद होते. पण फोममध्ये ते जास्त टिकतं हे मला पटत नाही. माझ्या हातचे सगळ्यात लवकर मलूल झालेले गेंद फोममधलेच होते. त्याला उघडं पाणी हवं. म्हणजे कमानीवर हायड्रेंजिया नकोच, ते खाली, पाण्याच्या भांड्यात. भांडी गवताआड लपवली की उगवल्यासारखंच दिसतं. वरच्या ढगांना जिप्सोफिला (बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके) घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गुंडाळून कमानीला बांधायची आणि देठं तिच्यात खोचायची. जिप्सोफिला एक दिवस पाण्याविना सहज काढतो, वाळला तरी रूप बदलत नाही. फोमची गरजच नाही.

आणि ऑर्डर उद्याच पक्की करू नका. हायड्रेंजियाचे दोन देठ आणा आणि दुपारी तीनला त्याच लॉनवर ठेवून बघा.

पानगळ
फोमला नाही म्हणणाऱ्या ताईंना माझ्याकडून शाबासकी. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइड या प्लॅस्टिकचा असतो, कुजत नाही, नुसता भुगा होऊन प्लॅस्टिकचे कण पाण्यात जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला.
पण कापलेली फुलं तरी कशाला? कुंडीतली झाडं ठेवा. २०११ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र विल्यम आणि केटच्या लग्नात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये आख्खी मेपलची झाडं उभी होती, नंतर ती जमिनीत लावली.

निळाई
त्यांच्याकडे ॲबी होती. हिच्याकडे फक्त मंगळवार ते शनिवार आहे.

आबा_निवांत
हायड्रेंजिया या नावातच 'पाण्याचं भांडं' आहे, मूळ ग्रीक. आणि आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच, संदलं असतात, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं.

रानवारा
काका, लग्न शनिवारी आहे.

घाईतली
जाळी छान वाटतेय! ताईलाही आवडली. एकच सांगायचं राहिलं, तिच्या सासूबाईंना दमा आहे. जिप्सोफिला भरपूर लावला तर चालेल ना?

निळाई
😳

कात्रीवाली
हे शेवटी सांगायचं? रोज जिप्सोफिला हाताळणाऱ्या आम्हा फुलवाल्यांपैकी काहींना त्याचीच ॲलर्जी होऊन दमा सुरू झालाय. एका दुपारपुरतं, उघड्यावर, लांबून कदाचित काही होणार नाही, पण "कदाचित"वर सासूबाईंना बसवू नका. त्यांना आधी विचारा, त्यांच्या डॉक्टरांनाही. वासही काही फार गोड नसतो त्याचा, लोक फोटो बघून घेतात आणि मग नाक मुरडतात.
नको म्हणाल्या तर कमानीवर पानं वाढवा आणि पांढरे डेंड्रोबियम ऑर्किड घ्या. देठाला पाण्याची छोटी नळी लावली की दिवसभर ताठ. फक्त घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, गार हवेत ते काळवंडतात. आणि फ्रिजमध्ये सफरचंदं असली तर कुठलंच फूल ठेवू नका, पिकत्या फळांच्या वायूने फुलं लवकर म्हातारी होतात.

रानवारा
कृत्रिम फुलांनी दमा होत नाही. नुसतं सांगितलं.

पानगळ
त्यांच्यावरच्या धुळीने त्रास होतो. मीपण नुसतं सांगितलं.

घाईतली
बुधवारचा अहवाल. सासूबाई हसून म्हणाल्या, "मला लिलीपण नको." जिप्सोफिला रद्द, ऑर्किड आणि पानं नक्की.

काल दोन हायड्रेंजिया आणले, देठ तिरके कापले, एक फोममध्ये आणि एक बरणीत, दोन्ही तीन वाजता लॉनवर. पावणेचारला फोमवाल्याची कड आत वळायला लागली, साडेचारला पूर्ण मान खाली, हात लावला तर ओल्या टिश्यूसारखा. बरणीतला ताठ, फक्त उन्हाकडची बाजू जराशी मऊ. मग तो फोमवाला तोंडाने खाली बादलीत बुडवून ठेवला. सकाळी बघते तर पुन्हा फुगलेला! आईने दोनदा विचारलं, हा कालचाच का.

डेकोरेटरला फोटो पाठवले. म्हणाला, "जाळी आणतो, पण भिजवायचं काम तुमचं." टब शोधतेय.

कात्रीवाली
शाब्बास! शुक्रवारी रात्री बुडवा, शनिवारी शक्य तितक्या उशिरा बाहेर काढा. तीनला सुरू, पाचला उरकलं, म्हणजे निभेल.

घाईतली
पाचला लग्न उरकेल. रात्री तिथेच पार्टी आहे, ते सांगायचं राहिलं.

कात्रीवाली
किती वाजेपर्यंत??