ड्युशेन असलेल्या मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, काय करू?

पंचवटीची आई: मुलगा सहा वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. खालून उठताना मांडीवर हात टेकत उठतो, जिन्यात दमतो, आणि जूनपासून वर्ग दुसऱ्या मजल्यावर जाणारे. सासूबाई म्हणतात रोज चढला की पायात ताकद येईल, प्रेमानेच म्हणतात हो, पण मला धाकधूक होते. शिवाय त्याला नवरात्रात वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचंय.

सिडकोचा बाबा: ताई, जिन्याने ताकद नाही येत यात. स्नायूंना जपणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने ताण पडला की स्नायूंना इजा होते, उतरताना तर जास्तच. शाळेला लेखी अर्ज द्या, वर्गच खाली आणा म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा.

गंगापूर रोड: वणीला न्याच, गडावर ट्रॉली आहे, पायऱ्यांची चढण बरीच वाचते. फक्त नवरात्रातली गर्दी टाळा, धक्का लागून पडला तर अवघड. आणि सासूबाईंना फिजिओकडे सोबत न्या! आमच्याकडे टाचेचं स्ट्रेचिंग आजीच करते, रात्री गोष्ट सांगत सांगत, आमच्यापेक्षा तिचंच ऐकतो. स्टिरॉइड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, आणि चांगला पळत असला तरी हृदयाची टूडी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करत राहा.

पंचवटीची आई: खूप आधार वाटला. अर्ज उद्याच देते. रात्री पायाला बांधायचं स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) घालू देत नाही, रडतो, त्याला काय करता तुम्ही?