स्टाइलशीटमधील चित्राचा पत्ता: सापेक्ष की मुळापासून?

धागाकर्ता, जळगाव
केळीचे रोजचे भाव दाखवणारे आमचे संकेतस्थळ जँगोवर (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) चालते आणि शीर्षपट्टीमागचे घडाचे चित्र सीएसएसमधून, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या स्टाइलशीटमधून येते. नव्या सहकाऱ्याने टेम्प्लेटमधला (पानाच्या साच्यातला) ‘स्टॅटिक’ टॅग, जो फाइलचा पत्ता आपोआप भरतो, सीएसएसमध्ये चिकटवला आणि चित्र गायब झाले, कारण सीएसएस फाइल टेम्प्लेट इंजिनातून जातच नाही. माझे मत असे, की तिथे सापेक्ष पत्ताच लिहावा, म्हणजे ‘../’ असा, फाइलच्या जागेपासून मोजलेला. ब्राउझर तो पानापासून नव्हे, तर स्टाइलशीटच्या पत्त्यापासून मोजतो.

धुळेकर
असहमत. टिंबे आणि स्लॅश मोजत बसायचे आणि फाइल दुसऱ्या फोल्डरात गेली की सगळे पत्ते पुन्हा लिहायचे, यापेक्षा साइटच्या मुळापासून, म्हणजे ‘/स्टॅटिक/’पासून लिहिलेला पत्ता वाचताक्षणी कळतो आणि शोधायलाही सोपा जातो.

धागाकर्ता
भाऊ, फाइल हलवली की सापेक्ष पत्ता चुकतो हे मान्य, पण ती चूक कळते केव्हा, हे महत्त्वाचे. मॅनिफेस्ट स्टोरेज (फाइलींच्या नावात खूण घालणारी जँगोची सोय) वापरले, तर ‘कलेक्टस्टॅटिक’ ही फाइली एकत्र करणारी आज्ञा चालवताना जँगो सीएसएस वाचतो, त्यातल्या चित्राच्या नावात मजकुरावरून काढलेली 12 अक्षरांची खूण घालतो आणि चित्र सापडले नाही तर तिथेच अडतो. तुमचा पत्ताही तो बदलतो, पण सेटिंगमधल्या स्टॅटिक पत्त्याशी त्याची सुरुवात जुळते तोवरच. उद्या साइट उपपत्त्यावर (‘/भाव/’सारख्या पत्त्याखाली) नेली किंवा फाइली सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरजाळ्यावर) ठेवल्या आणि सेटिंग त्याप्रमाणे बदलली, की तो पत्ता जँगो मुकाट्याने सोडून देतो आणि बिघाड थेट ग्राहकाच्या मोबाइलवर दिसतो. शिवाय खुणेमुळे नाव बदलत असल्याने चित्र ब्राउझरच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) दीर्घकाळ ठेवता येते. रावेरच्या शेतात उभे राहून भाव पाहणाऱ्याचा डेटा त्यामुळे वाचतो.

नंदुरबारहून
रेल्समध्ये (रूबीमधील वेब फ्रेमवर्क) 3.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2011 पासून, सॅसमध्ये (जिच्यापासून सीएसएस तयार होते ती भाषा) ‘इमेज-यूआरएल’ लिहिले की चित्राचा पत्ता आपोआप भरला जातो. पत्ता माणसाने मोजावाच कशाला? आणि प्रत्येक बाजार समितीचे चित्र वेगळे असेल तर काय करणार?

धागाकर्ता
तेवढ्यापुरती शैली टेम्प्लेटमध्येच लिहावी. तिथे टॅग चालतो. बाकीची सीएसएस साधी राहिलेली बरी, कारण ती कोणत्याही सर्व्हरवर जशीच्या तशी चालते.

धुळेकर
सीडीएनचा मुद्दा पटला, उपपत्त्याचा नाही. आमचे एकही काम आजवर उपपत्त्यावर गेलेले नाही. मी ‘/स्टॅटिक/’ सोडणार नाही.

धागाकर्ता
हरकत नाही. मात्र डीबग (विकासकाळातली चुका दाखवणारी सेटिंग) चालू असताना नावात खूण घातली जात नाही, म्हणून तुमच्या यंत्रावर सगळे ठीकच दिसेल. साइट चढवण्याआधी डीबग बंद करून एकदा पाहा.