लाजेपोटी केलेलं करणं खोटं असतं का?

ओसरी:
परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, की म्हाताऱ्या माणसांचं करणारे बहुतेक जण ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने करतात, आणि घरात काय आणायचं तेही चारचौघांकडे बघूनच ठरवतात. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या. रात्री तीन वाजता ओली चादर बदलताना कुठले लोक बघत असतात? पहिलं वर्ष मी लाजेनेच केलं, हे कबूल करते. नणंदा काय म्हणतील ही धास्ती होतीच. पुढे ती कधी गेली ते कळलंही नाही. दुकानात गेले की हात आपोआप मऊ सुती कापडाकडे जायचा, कारण त्यांच्या पाठीला दुसरं काही सोसत नसे. त्या जाऊन दोन वर्षं झाली, अजूनही जातो. डॅनियल मिलर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात उत्तर लंडनमधल्या एका रस्त्यावरच्या कुटुंबांची रोजची खरेदी जवळून पाहिली. त्यालाही दिखाव्यापेक्षा घरच्यांची काळजीच जास्त दिसली.

सरळरेघ:
ते मी लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. सिंगापूरने १९९५ मध्ये आणि भारताने २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहासाठी कायदा केला. चीनमध्ये २०१३ पासून वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं, हेसुद्धा कायद्यात आहे. सगळं मायेवर चालत असतं तर ही वेळ आली असती का?

माझा थोरला भाऊ पाहुणे असले की बाबांना हाताने भरवायचा. एरवी खोलीत डोकावतही नसे. भारीतली काठी त्याने आणली. डायपर मी आणायचो, कारण ते कुणाला दाखवता येत नाहीत.

दुपार:
लाज काढून घेतली तर खाली माया सापडेलच असं नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग वाचा. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. पैसे भरले की ओशाळेपणा संपला. दंड बंद केल्यावरही उशीर कमी झाला नाही. म्हणून लाजेला इतकं हलकं लेखू नका.

मला राग येतो तो सगळं घरपोच मागवून मोकळं होणाऱ्यांचा. आम्हीही तेच केलं. वडिलांचं रोज दुकानात जाणं बंद झालं, आणि सहा महिन्यांत ते बोलायचेच बंद झाले.

वेळापत्रक:
आम्ही ‘मोकळं’ होत नाही, कृपा करून हा शब्द मागे घ्या. माझी आई सामानाची पिशवी घेऊन येताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पडून जीव जाणाऱ्यांमध्ये साठीपुढची माणसं सर्वात जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मी आईपासून लांब राहते. घरपोच सामान हाच माझा हात आहे. तुमच्या वडिलांना बोलायला माणूस हवं होतं तर तुम्ही जायचं होतं.

दुपार:
हे बोलायला नको होतं. मी जात होतो, दर रविवारी न चुकता. माझ्याशी ते औषधांपलीकडे बोलत नसत. दुकानात ते गिऱ्हाईक होते. वस्तू उलटीपालटी करून बघायचे, हुज्जत घालायचे, उद्या येतो म्हणून निघून यायचे. घरी आम्ही त्यांना नुसता रुग्ण करून ठेवलं होतं. त्यांच्या पायांची काळजी घेतली आणि त्यांचं ‘नको’ म्हणणं काढून घेतलं.

ओसरी:
दुपार, अगदी खरं आहे हे. सासूबाई पडल्या पडल्या यादी सांगायच्या. निम्म्या वस्तू घरात असायच्या, तरी मी लिहून घ्यायचे आणि त्यातली एखादी आणायचेच. आणलेलं हातात घेऊन ‘हे नव्हतं सांगितलं’ म्हणाल्या की त्या दिवशी बऱ्या असायच्या.

वेळापत्रक:
ठीक आहे. यादी आईलाच करायला सांगेन, एवढं पटलं. मागवणार मात्र मीच, आणि सामान दारातच येणार. खुब्याच्या ऑपरेशननंतरचे तीन महिने ज्याने काढले नाहीत, त्याचं यावर मी ऐकून घेणार नाही.

सरळरेघ:
मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेला. ओसरी, पहिलं वर्ष लाजेने केलं हे तुम्हीच लिहिलंय, माझं म्हणणं तेवढंच होतं. नंतर बदललं म्हणता, तेही खरं मानतो. माझ्या भावाचं तसं झालं नाही. बाबा जाईपर्यंत वाट बघितली मी.