साइटवर दिसणारी डेकची किंमत नक्की कोणाची?

सिडकोचा_भिडू
परवा आपल्या नाशिकच्या ग्रुपवर नियम आला: रविवारच्या कमांडरला (मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला चौघांचा, शंभर कार्डांच्या डेकचा प्रकार) डेकची यादी टाकायच्या साइटवर 100 डॉलरच्या वर दिसणारा डेक आणायचा नाही. खाली धडाधड अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितो.

तो आकडा येतो कुठून ते बघा. शंभर कार्डं, प्रत्येकाची दुकानातली किंमत, खाली बेरीज. बस. दुकान कोणतं धरायचं ते तुम्हीच सेटिंगमध्ये निवडता. टीसीजीप्लेअर घेतलं तर अमेरिकेचा डॉलर, कार्डमार्केट घेतलं तर युरोपचा युरो. त्यात एकाच कार्डाच्या पाच-पाच छपाया. माझ्या यादीत जुन्या छपाया होत्या, कारण माझ्याकडे त्याच आहेत. बेरीज 140. स्वस्तातल्या छपाया लावायचं बटण दाबलं, 90. एकही कार्ड बदललं नाही आणि मी नियमात बसलो!

आणि किंमत म्हणजे ताकद नव्हे. टंड्रा घ्या, बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा दोन रंगांत देणारं लँड कार्ड. 1996 च्या रिझर्व्ह्ड लिस्टमुळे ते पुन्हा छापणार नाहीत, म्हणून शेकडो डॉलर. हॅलोड फाउंटन तेच दोन रंग देतं आणि किमतीत त्याच्या पासंगालाही पुरत नाही. फरक एवढाच, की फाउंटन लगेच वापरायचं तर दोन लाइफ मोजायच्या. चाळीस लाइफच्या खेळात दोन. उलट सोल रिंग एक-दोन डॉलरला मिळते, जवळपास प्रत्येक प्रीकॉनमध्ये (कंपनीच्या तयार डेकमध्ये) असते आणि पहिल्या टर्नला पडली की उरलेले तिघं मागे धावत बसतात.

रविवारचं_टेबल
नियम मी लिहिला, तेव्हा उत्तरही मीच देतो.

गेल्या महिन्यात कॉलेज रोडच्या कॅफेत सातवी-आठवीतला एक मुलगा आला होता. वाढदिवसाला मिळालेला प्रीकॉन, कार्डांना प्लास्टिकच्या स्लीव्ह नाहीत, वर रबरबँड. आपल्यातल्याच एकाने चौथ्या टर्नला गेम संपवला. पोराने कार्डं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, रबर दोनदा गुंडाळलं आणि वडिलांना फोन लावला. पुन्हा आला नाही. मी त्याच्यासाठी नियम केला. दारात उभं राहून प्रत्येकाची शंभर कार्डं वाचणं मला जमणार नाही, आकडा एका नजरेत कळतो. ब्रॅकेटचं म्हणाल, तर खेळ काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीने 2025 मध्ये डेकच्या ताकदीनुसार पाच ब्रॅकेट आणले खरे, पण ‘माझा दोनच आहे’ म्हणून बसणारे आणि पाचव्या टर्नला गेम संपवून उठणारे मला दर रविवारी भेटतात.

निफाडकर
सिडकोवाले म्हणतात ते मला पहिलं कार्ड हातात यायच्या आधीपासून माहीत आहे. लासलगावला कांद्याचे रोज तीन भाव निघतात: किमान, कमाल, सरासरी. लोकांच्या लक्षात राहतो कमाल. तो मिळतो एखाद्या ट्रॅक्टरला. व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, आतले चार-पाच कांदे काढतो, पत्ती चोळून बघतो, बोली लागते, चिठ्ठी फाडून हातात. आमच्या वडिलांचा माल त्याच दिवशी कमालच्या निम्म्यात गेला, आणि संध्याकाळी पाहुण्यांचा फोन, ‘यंदा मजा आहे तुमची.’

साइटवर वेगळं काय आहे? लो म्हणजे कोणीतरी मागितलेली सगळ्यात कमी किंमत, त्या भावाने माल हललाच असं नाही. टीसीजीप्लेअरचा मार्केट आकडा निदान झालेल्या विक्रीवरून काढतात. तुमच्या नियमात यातला कोणता?

इंदिरानगर_फॉइल
पत्त्यांच्या गप्पांत कांदा कशाला? भाव चढले की आम्ही किलोमागे किती मोजतो ते पण लिहा. तेव्हा कोणी आमच्यासाठी रस्ता अडवत नाही.

निफाडकर
तुम्ही मोजता त्यातलं आमच्या हातात किती पडतं ते आधी विचारा. डिसेंबर 2023 मध्ये एका फटक्यात निर्यातबंदी लावली. लाल कांदा काढणीला आलेला, मजुरी देऊन झालेली, आणि भाव खाली. बंदी उठली मे 2024 ला. तोवर आमचा लाल कांदा कधीच विकून झाला होता. माल तोच, शेत तेच, फक्त वरून एक कागद आला. हे समजून घ्यायचं नसेल तर कांद्यावर बोलू नका.

इंदिरानगर_फॉइल
आवाज चढवायची गरज नाही. कागद काय करतो ते मलाही कळतं. मी वर्षभर पैसे साठवून माना क्रिप्ट घेतली होती, शंभर डॉलरच्या वरचं कार्ड. 23 सप्टेंबर 2024 ला ती कमांडरमध्ये बॅन झाली, सोबत ज्वेल्ड लोटस. सकाळी फोन उघडला तर डेकची बेरीज घसरलेली. कार्ड तेच, माझ्याच बाइंडरमध्ये. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण मुद्दा डेकचा होता.

निफाडकर
डेकचाच मुद्दा सांगतोय. भाव माणसं ठरवतात, वस्तू नाही.

देवळाली_कॅम्प
सगळे डॉलरवर भांडताय, पैसे तर रुपयात जातात ना? साइटवरची बेरीज तीस वेगवेगळ्या विक्रेत्यांची असू शकते. प्रत्येकाचं पोस्टेज वेगळं. मी एकदा 22 डॉलरची कार्डं मागवली. पोस्टेज आणि कस्टम धरून घरात येईपर्यंत दुप्पट पडली, आणि निअर मिंट, म्हणजे जवळपास नवं, म्हणून पाठवलेल्या एका कार्डाचा कोपरा पांढरा. विकायला गेलो तर दुकानदार त्याच कार्डाला निम्मेही देईना. म्हणजे घेताना एक, विकताना दुसरी, साइटवर तिसरी. म्हणून म्हणतो, प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी छापून घेतलेली नक्कल) चालू द्या, भांडणच मिटेल.

रविवारचं_टेबल
प्रॉक्सी चालू केल्या तर पुढच्या रविवारी चारही जण छापील टंड्रा घेऊन बसतील. मग त्या पोराने काय करायचं?

छपाईचं मात्र सिडकोवाल्यांचं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. तेव्हा बदल असा: टीसीजीप्लेअरचा मार्केट आकडा, स्वस्त छपाई, शनिवारी रात्री नऊला काढलेला स्क्रीनशॉट. साइटवरच्या किमती दिवसातून एकदा बदलतात, उगाच मिनिटामिनिटाला वाद नको. बेसिक लँड (एकाच रंगाची साधी लँड कार्डं) मोजायच्या नाहीत. आणि विझार्ड्सच्या गेम चेंजर यादीतलं (खेळ फिरवणाऱ्या ताकदवान कार्डांची यादी) एकही कार्ड नको, किंमत काहीही असो.

सिडकोचा_भिडू
शेवटची ओळ आधी लिहिली असती तर मी हे सगळं लिहिलंच नसतं. त्या यादीचा ताकदीशी संबंध आहे, तुमच्या 100 चा नाही. 60 डॉलरमध्ये चौथ्या टर्नला संपवणारा डेक मी आजही बांधून दाखवतो.

रविवारचं_टेबल
दाखवा. पण आमच्या टेबलावर नको.

सिडकोचा_भिडू
नाही आणणार. त्या मुलाच्या वडिलांचा नंबर आहे का कोणाकडे? माझ्याकडे शंभर स्लीव्ह पडून आहेत, आणि माझा साधा डेक घेऊन मी त्याच्याशी खेळेन.

रविवारचं_टेबल
आहे. आज संध्याकाळी बोलतो. आकडा 100 च राहणार.